मागच्या तिघांचा दरवाजा

व्हल्कन या ब्रिटिश बाँबफेकी विमानात पाच माणसे बसत. पुढे, काचेखाली, शेजारी शेजारी दोन वैमानिक. त्यांच्या पाठीमागे, थोड्या खालच्या पातळीवर, शेपटीकडे तोंड करून तिघे: मार्ग आखणारा नॅव्हिगेटर, रडार आणि बाँबची जबाबदारी असलेला दुसरा नॅव्हिगेटर, आणि विमानाची वीज व शत्रूच्या रडारला चकवणारी यंत्रे सांभाळणारा एअर इलेक्ट्रॉनिक्स ऑफिसर. पाचही जण एकाच कोंदट खोलीत. विमान कोसळू लागले की मात्र या पाचांचे दोन भाग पडत. पुढचे दोघे इजेक्शन सीटवर बसलेले असत. हँडल ओढले की डोक्यावरचे छत उडून जाई आणि स्फोटाच्या जोराने माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जाई. मागच्या तिघांना होता तळातला एक दरवाजा. पट्टे सोडायचे, खुर्चीतून उठायचे, दरवाजापर्यंत पोहोचायचे आणि खाली उडी टाकायची.

व्हल्कनच्या जोडीची दोन विमाने, व्हॅलियंट आणि व्हिक्टर, यांतही हीच व्यवस्था होती. दरवाजा तेवढा तळाऐवजी बाजूला. सोव्हिएत संघावर अणुबाँब टाकता यावा म्हणून ब्रिटनने 1950 च्या दशकात ही तीन विमाने हवाई दलात आणली. नावे ‘व्ही’ अक्षराने सुरू होत म्हणून त्यांना व्ही-बाँबर म्हणत. तिन्ही मिळून तीनशेहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांच्या अपघातांवर ब्रिटनमध्ये पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे विमान का पडले याभोवती फिरते: कुठला बोल्ट तुटला, कुठली तार जळाली, कोणाचा अंदाज चुकला. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. विमान पडणार हे कळल्यावर आतल्यांपैकी कोणाला जगण्याची संधी मिळणार, हे कोणी, केव्हा आणि कशाच्या भरवशावर ठरवले? ते अपघाताच्या कितीतरी वर्षे आधी कागदावर ठरले होते. ज्या भरवशावर ठरले तो पुढे खोटा पडला. तरी निर्णय बदलला नाही, कारण दर वेळी ‘आता थोडीच वर्षे उरली’ असे म्हणता येत होते.

1 ऑक्टोबर 1956 चा हीथ्रोचा अपघात सर्वांत गाजला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा आटोपून एक्सए 897 क्रमांकाचे व्हल्कन लंडनला परतत होते. हे विमान हवाई दलात नुकतेच दाखल झाले होते, दौरा मानाचा होता, आणि स्वागतासाठी विमानतळावर अधिकारी आणि कुटुंबीय जमले होते. कॅप्टन होते स्क्वाड्रन लीडर डोनाल्ड हॉवर्ड. सहवैमानिकाच्या खुर्चीत खुद्द बाँबर कमांडचे प्रमुख, एअर मार्शल सर हॅरी ब्रॉडहर्स्ट. मागे चौघे: तीन स्क्वाड्रन लीडर आणि विमान बांधणाऱ्या ॲव्हरो कंपनीचा एक तंत्रज्ञ. पाऊस जोराचा, ढग अगदी खाली आलेले. जमिनीवरचा नियंत्रक रडारवर विमान पाहत रेडिओवरून सूचना देत होता आणि त्या ऐकत हॉवर्ड खाली येत होते. धावपट्टीच्या सुमारे 600 मीटर अलीकडे विमान शेतात आपटले. चाकांचा सांगाडा निखळला. विमान पुन्हा वर उचलले गेले, पण आता ते वैमानिकाच्या हातात राहिले नव्हते. एका अंगावर कलंडू लागले. हॉवर्डनी बाहेर पडायला सांगितले आणि दोघेही इजेक्ट झाले. दोघेही वाचले. मागचे चौघे विमानाबरोबर गेले.

यानंतर दोन चर्चा झाल्या. एक उघड होती: चूक कॅप्टनची की नियंत्रकाची? हवाई खात्याचे मंत्री नायजेल बर्च यांनी त्याच डिसेंबरात संसदेत निवेदन केले आणि विमान उतरणीच्या रेषेखाली गेल्याचा इशारा नियंत्रकाने दिला नाही यावर बोट ठेवले. दुसरी चर्चा दबक्या आवाजातली होती: एवढा मोठा अधिकारी हाताखालच्या माणसांना मागे ठेवून बाहेर पडलाच कसा? हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. जमीन काही शे फुटांवर, विमान कलंडलेले, हातात मोजके सेकंद. ते दोघे आत थांबले असते तर चाराऐवजी सहा मृतदेह मिळाले असते, यापलीकडे काही घडले नसते. ब्रॉडहर्स्ट यांना जो जाब विचारला गेला तो वास्तविक त्या विमानाचा आराखडा मंजूर करणाऱ्यांना विचारायला हवा होता.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हा अधिकारी-शिपाई असा भेद नव्हता. मागे बसणारा नॅव्हिगेटर पुढच्या सहवैमानिकापेक्षा हुद्द्याने मोठा असू शके. हीथ्रोच्या त्या विमानात मागच्या चौघांतला एक जण स्वतः वैमानिक होता. त्या दिवशी दुसऱ्या खुर्चीत बसला असता तर कदाचित जगला असता. माणूस कोण आहे याला काही किंमत नव्हती. किंमत होती ती कुठल्या खुर्चीत बसला आहे याला, आणि खुर्च्यांची मांडणी दहा वर्षे आधीच झाली होती.

ती झाली कशी? जानेवारी 1947 मध्ये ब्रिटिश सरकारने विमान कंपन्यांना बी.35/46 नावाचा मागणी-तपशील दिला. दहा हजार पौंडांचा बाँब घेऊन पन्नास हजार फुटांच्या आसपास उडेल, ताशी पाचशे सागरी मैल वेग गाठेल, असे विमान हवे होते. त्या मागणीत चालक-चमूची आठवण ठेवली होती. संकट आल्यास माणसे बसलेली संपूर्ण कुपीच विमानापासून सुटी व्हावी आणि पॅराशूटने खाली यावी, अशी मूळ अपेक्षा होती. कंपन्यांनी प्रयत्न केला. वजन, पॅराशूटची ताकद, कुपी हवेत स्थिर राहण्याचा प्रश्न, हे काही त्या काळच्या तंत्रज्ञानाला झेपेना, आणि कल्पना सोडून दिली गेली. पाचांना एकत्र वाचवण्याची योजना बारगळली तेव्हा तिच्या जागी पाचांसाठी दुसरी योजना आली नाही. दोघांसाठी आली. उरलेल्यांना दरवाजा दिला गेला आणि त्यामागे एक हिशेब होता. विमान पन्नास हजार फुटांवर उडणार. काही बिघडले तर खाली यायला वेळ लागणार. वैमानिक तेवढा वेळ विमान स्थिर धरतील, मागचे तिघे ओळीने बाहेर पडतील, मग पुढचे दोघे इजेक्ट होतील. मी या माणसांना निष्ठुर म्हणणार नाही. 1947 मध्ये, त्या उंचीच्या गृहीतावर, हा हिशेब बरा दिसत होता.

कागदावरचा हा क्रम प्रत्यक्षात कसा पार पाडायचा, ते पाहू. आधी खोलीतला हवेचा दाब सोडायचा, नाहीतर दरवाजा उघडल्याबरोबर सगळेच बाहेर ओढले जाणार. मग दरवाजा उघडायचा. तो खाली झुकून घसरगुंडीसारखा उतार होई. त्यावरून घसरत बाहेर. पॅराशूट उघडणारी दोरी विमानाला जोडलेली, म्हणजे बेशुद्ध माणसाचे पॅराशूटही उघडावे. पण हा दरवाजा विमानाच्या पुढच्या चाकाच्या थेट समोर होता. चाक आत असेल तर ठीक. उतरण्यासाठी चाके बाहेर काढली असतील तर घसरत येणारा माणूस सरळ त्या पोलादी खांबावर जाणार. म्हणून दरवाजाच्या कडेला धरून, अंग एका बाजूला झोकून, खांब चुकवत सुटायचे, असे शिकवले जाई. विमान सरळ असताना, उजेडात, वारंवार सराव केलेल्या माणसालाही हे अवघड. आणि विमान गिरकी घेत असेल तर? गिरकीत माणसाचे वजन कित्येक पटींनी वाढते. हात उचलत नाही. पट्टा सोडणे दूर, मान वळवणेही होत नाही.

11 मे 1964 रोजी दक्षिण इंग्लंडात असेच घडले. एक व्हल्कन कमी वेगात कसे वागते याचे प्रात्यक्षिक चालू असताना ते गिरकीत सापडले. कॅप्टनने उतरताना वापरायचे ब्रेक-पॅराशूट हवेतच उघडून पाहिले. गिरकी क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली. अडीच हजार फुटांच्या सुमारास त्याने बाहेर पडायचा आदेश दिला. तो आणि सहवैमानिक वाचले, मागचा एकही नाही. जानेवारी 1968 मध्ये कॉट्समोर तळावर उतरता उतरता पुन्हा वर जाण्याच्या प्रयत्नात दुसरे व्हल्कन हाताबाहेर गेले. पुन्हा तेच: दोन्ही वैमानिक बाहेर, मागचे आत. तिथे कॅप्टन इतक्या उशिरा इजेक्ट झाला की पॅराशूट विजेच्या तारांत अडकले म्हणून त्याचा जीव वाचला. हीथ्रो, 1964 चा हा अपघात, कॉट्समोर, आणि पुढे ज्याबद्दल लिहितो आहे तो माल्टाचा अपघात, हे चार एकत्र ठेवले तर पुढच्या खुर्च्यांवरचे आठच्या आठ जण वाचलेले दिसतात आणि मागच्यांपैकी कोणीही नाही.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे पुरावेही आहेत आणि ते लपवले तर लेखाला अर्थ राहणार नाही. दरवाजाने माणसे वाचवली आहेत. जुलै 1959 मध्ये ॲव्हरोचे मुख्य चाचणी-वैमानिक जिमी हॅरिसन चालवत असलेल्या व्हल्कनची वीज उड्डाणानंतर लगेच जाऊ लागली. त्यांनी विमान चौदा हजार फुटांवर नेले, वस्तीपासून दूर वळवले, मागच्यांना उतरवले, सहवैमानिकाला पाठवले आणि शेवटी स्वतः बाहेर पडले. सगळे सुखरूप. व्हल्कनमधून संपूर्ण चमू सुटण्याची ती पहिली वेळ. 1964 मध्ये अँगलसी बेटावर, 1971 मध्ये डरहॅम परगण्यात, 1977 मध्ये लिंकनशायरमध्ये पडलेल्या विमानांतूनही सगळे वाचले. उलट अशाही दुर्घटना झाल्या जिथे सोन्याची इजेक्शन सीट असती तरी उपयोग नव्हता. 1954 मध्ये व्हिक्टरच्या पहिल्या नमुन्याची शेपटी क्रॅनफिल्डच्या धावपट्टीवरून जाताना, बोल्ट झिजून तुटल्यामुळे, निखळून पडली. 1958 मध्ये सायर्स्टनच्या हवाई प्रदर्शनात व्हल्कनच्या पहिल्या नमुन्याचा पंख फाटला. आतले चार आणि जमिनीवरचे तीन गेले. 1963 मध्ये एक व्हल्कन स्कॉटलंडच्या डोंगराला आणि 1966 मध्ये दुसरे वेल्सच्या डोंगराला थडकले. दोन्हींतले पाचही जण जागीच ठार. आणि इजेक्शन सीट म्हणजे जीवदानाची हमीही नव्हे. ऑक्टोबर 1958 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटवर एका व्हल्कनची सगळी वीज गेली. राखीव वीज वीस मिनिटे पुरायची, ती तीन मिनिटांत संपली. व्हल्कनची सुकाणू-पृष्ठे विजेवर हलत, त्यामुळे विमान दगडासारखे खाली आले. सहवैमानिक बाहेर पडला खरा, पण सरोवरात बुडून मेला.

तेव्हा मागे तीन इजेक्शन सीट बसवल्या असत्या तर सगळे वाचले असते, असा माझा दावा नाही. काही वाचले असते. किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ज्या चार अपघातांत पुढचे सगळे वाचले, तिथे निदान बाहेर पडण्याइतका वेळ होता, हे पुढच्यांच्या वाचण्यानेच सिद्ध होते.

आणि मुख्य मुद्दा इथून पुढे आहे. दरवाजा पुरेसा ठरेल हा भरवसा उंचीवर उभा होता. 1 मे 1960 रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचे यू-2 हे टेहळणी विमान खूप उंचावर पाडले आणि उंचीचे संरक्षण संपले. पन्नास हजार फुटांवरून मॉस्कोकडे जाणे म्हणजे मरणाकडे जाणे, हे ब्रिटिश हवाई दलाने ओळखले आणि 1963-64 च्या सुमारास व्ही-बाँबर जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून उडू लागले. विमानांचा रंग बदलला. पूर्वी अणुस्फोटाची झळ परतवायला पांढरी असलेली विमाने वरून हिरवी-राखाडी झाली. डावपेच बदलले, बाँब टाकण्याची रीत बदलली, सरावाचे मार्ग बदलले. ज्या उंचीमुळे मागच्या तिघांना उतरायला वेळ मिळणार होता ती उंची गेली, आणि तरी दरवाजा तोच राहिला. काही शे फुटांवरून ताशी सहाशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानातून, एकामागून एक, चाकाचा खांब चुकवत तीन माणसे उडी टाकणार, असे कोणी मनापासून मानत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. 1947 चा निर्णय मी समजू शकतो. 1964 मध्ये तो तसाच ठेवणे ही माझ्या दृष्टीने वेगळी आणि मोठी चूक आहे, कारण आता तो अजाणता घेतलेला निर्णय राहिला नव्हता.

उपाय हाताशी नव्हता असेही नाही. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीने 1960 मध्ये एका व्हॅलियंटच्या मागच्या भागात, शेपटीकडे तोंड केलेली इजेक्शन सीट बसवून जिवंत माणूस बाहेर काढून दाखवला. अमेरिकेच्या बी-52 मध्ये खालच्या मजल्यावरच्या नॅव्हिगेटरांना खाली उडणाऱ्या इजेक्शन सीट त्याच दशकात होत्या. सुरुवातीच्या बी-52 मध्ये शेपटीत बसणाऱ्या तोफचीला तशी सीट नव्हती हे खरे, म्हणजे अमेरिकन व्यवस्थाही निर्दोष नव्हती. पण मागच्यांना सीट देता येतच नाही, हे म्हणणे त्या विमानाने खोटे ठरवले होते.

मग ब्रिटनमध्ये का झाले नाही? दिली गेलेली कारणे एकेकटी पाहिली तर त्यांत काही गैर वाटत नाही. खर्च फार. विमाने कारखान्यात परत न्यावी लागतील, तेवढे दिवस देशाचा अणुताफा अपुरा पडेल. छताला नवी भोके पाडायची तर सांगाडा पुन्हा तपासावा लागेल. आणि सगळ्यांत वजनदार कारण: ही विमाने आता फार वर्षे चालणार नाहीत. 1957 मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडीज यांनी श्वेतपत्रिका मांडून भविष्य क्षेपणास्त्रांचे असल्याचे जाहीर केले. मग मावळत्या विमानांवर पैसा कशाला? 1960 मध्ये ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र रद्द झाले, पण विमानांतून सोडायचे अमेरिकन स्कायबोल्ट येणार होते. 1962 च्या अखेरीस तेही रद्द झाले आणि पाणबुड्यांवरचे पोलॅरिस घ्यायचे ठरले. म्हणजे विमाने जेमतेम पाणबुड्या येईपर्यंतच. जून 1969 अखेर पाणबुड्यांनी अणुबाँबची मुख्य जबाबदारी घेतली. व्हल्कन उडतच राहिले. व्हिक्टर हवेत इंधन भरणारे टँकर झाले आणि मार्च 1975 मध्ये त्यांतल्या एकाला उत्तर समुद्रावर बकनीअर विमानाची धडक बसली तेव्हा पाचांतून एकटा कॅप्टन वाचला. 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात, मार्टिन-बेकरच्या त्या प्रयोगानंतर बावीस वर्षांनी, व्हल्कन असेन्शन बेटावरून दक्षिण अटलांटिक ओलांडून बाँब टाकायला गेले, आणि मागच्या तिघांना तोच दरवाजा होता. त्या मोहिमेतल्या एका व्हल्कनची इंधन घेण्याची नळी तुटली आणि त्याला रिओ दि जनेरोला उतरावे लागले. गुप्त कागद परक्या हाती पडू नयेत म्हणून चमूने हवेत तो दरवाजा उघडून ते समुद्रात फेकले. व्हल्कन 1984 पर्यंत सेवेत राहिले. व्हिक्टर टँकर 1993 पर्यंत.

यातला प्रत्येक नकार त्या त्या वर्षापुरता समजण्यासारखा आहे आणि एकत्र घेतलेली ती पस्तीस वर्षे अजिबात नाहीत. शासनव्यवस्थेत हे फार सहज घडते. ‘तात्पुरते’ म्हणून ज्या गोष्टीची दुरुस्ती टाळली जाते तिच्या वयाचा हिशेब कोणी ठेवत नाही. प्रत्येक नवा अधिकारी पुढची दोन-तीन वर्षे मोजतो, मागची कोणी मोजत नाही. मधल्या काळात मागच्या तिघांना फिरणारी खुर्ची आणि उठायला मदत करणारी फुगणारी उशी मिळाली. एवढ्या वर्षांच्या सेवेत झालेली ती मोठी सुधारणा.

कोणी म्हणेल, गरीब झालेले युद्धोत्तर ब्रिटन, पैसा आणणार कुठून? पण व्हॅलियंटचे काय झाले ते पाहावे. ऑगस्ट 1964 मध्ये प्रशिक्षण-उड्डाणावरच्या एका व्हॅलियंटच्या पंखाची मुख्य तुळई हवेत तडकली. विमान कसेबसे उतरले. इतर विमाने तपासली तर धातूला थकवा आल्याचे अनेकांत दिसले. डिसेंबरात संपूर्ण ताफा जमिनीवर ठेवला गेला आणि जानेवारी 1965 मध्ये निकाली काढला गेला. देशाच्या अणुताफ्यातल्या तीन प्रकारांपैकी एक, सहा महिन्यांच्या आत बाद. टँकरची मोठी अडचण झाली, डावपेचांची घडी विस्कटली, पण निर्णय झाला. तो योग्यच होता. त्याबद्दल मी दोष देत नाही. मात्र त्यातून कळते की तुळई तडकली की ताफा थांबवता येतो, कारण तडकलेल्या तुळईने विमान उडत नाही. मागची तीन माणसे सुटू शकत नसली तरी विमान उडते. म्हणून ती बाब पुढे ढकलता आली.

माल्टाचा अपघात या सगळ्यात मला जास्त छळतो, कारण तिथे किंमत मोजणाऱ्यांत विमानाशी काहीही संबंध नसलेली माणसे होती. 14 ऑक्टोबर 1975. माल्टा स्वतंत्र होऊन अकरा वर्षे झाली होती, पण ब्रिटिश तळ अजून होता. लुका धावपट्टीवर उतरताना व्हल्कन थोडे अलीकडे आपटले आणि डावी चाके निखळली; हीथ्रोची जवळजवळ पुनरावृत्ती. कॅप्टनने विमान पुन्हा वर घेतले, पण आता त्याला आग लागली होती. वळसा घेऊन परत येताना ते झाब्बार या गावावर फुटले. पुढचे दोघे इजेक्ट झाले. मागे त्या दिवशी पाच जण होते, पाचही गेले. जळते तुकडे अरुंद रस्त्यांवर आणि छपरांवर पडले. रस्त्यावरची एक गृहिणी मेली, आणखी काही जण जखमी झाले. गाव गजबजलेले होते. मृतांचा आकडा एवढ्यावर थांबला याचे गावकऱ्यांना आजही आश्चर्य वाटते. विमानाचे काही तुकडे तिथल्या चर्चच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

कॅप्टनवर या व्यवस्थेने जे ओझे टाकले त्याबद्दल फार कमी बोलले जाते. विमान हातातून जात आहे हे कळल्यावर त्याच्यापुढे दोन रस्ते होते: आणखी काही क्षण विमान धरून ठेवायचा प्रयत्न करायचा, म्हणजे मागचे सुटतील, किंवा सुटणार नाहीत हे ओळखून स्वतः हँडल ओढायचे. सगळ्यांना सारखी सीट असती तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता. ‘बाहेर पडा’ हा एक आदेश पाचांना सारखाच लागू झाला असता. एका माणसाने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे आणि उरलेले आयुष्य त्या निर्णयाबरोबर काढायचे, हे कोणत्याही सैन्याने आपल्या अधिकाऱ्याकडून मागू नये. चौकशी समित्यांनी कॅप्टनच्या उंचीचे, वेगाचे, आदेशाच्या वेळेचे बारकाईने मोजमाप केले. हँडल ओढायला उशीर केला की घाई केली, हेही पाहिले. त्याला अशा पेचात टाकणारा आराखडा मात्र समितीच्या कक्षेबाहेर राहिला.

हा केवळ ब्रिटिशांचा मामला नाही, आणि म्हणूनच मराठीत लिहावासा वाटला. कॅनबेरा हे ब्रिटनचे पहिले जेट बाँबर. त्याच्या सुरुवातीच्या बी.2 या आवृत्तीत तिघांनाही इजेक्शन सीट होत्या. पुढे जमिनीलगत उडून हल्ला करण्यासाठी बी(आय)8 ही आवृत्ती निघाली. तीत वैमानिक इजेक्शन सीटवर, आणि नाकात बसणाऱ्या नॅव्हिगेटरला बाजूचा दरवाजा. म्हणजे ज्या कामात वेळ सर्वांत कमी मिळणार, त्याच कामासाठी बनवलेल्या आवृत्तीत नॅव्हिगेटरला पूर्वी असलेली सीट काढून घेतली गेली. भारताने 1957 मध्ये कॅनबेरा घ्यायचे ठरवले तेव्हा मागवलेली बहुसंख्य विमाने याच आवृत्तीवर बेतलेली बी(आय)58 होती. पुण्याच्या लोहगाव तळावर त्यांचे 35 क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. 18 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्तीच्या कारवाईत याच स्क्वाड्रनच्या 12 विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. पोर्तुगीजांपाशी गोव्यात लढाऊ विमाने नव्हती, त्यामुळे नॅव्हिगेटर बाहेर कसा पडणार या प्रश्नाची त्या दिवशी परीक्षा झाली नाही.

परीक्षा झाली ती चार वर्षांनी. 21 सप्टेंबर 1965 रोजी, पाकिस्तानशी युद्ध थांबायला अवघे दोन दिवस उरले असताना, हल्ला करून परतणाऱ्या एका भारतीय कॅनबेराला पाकिस्तानच्या एफ-104 लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र सोडून पाडले. वैमानिक इजेक्ट झाला आणि युद्धकैदी म्हणून पकडला गेला. नॅव्हिगेटर मारला गेला. कॅनबेरा त्यानंतर आणखी बेचाळीस वर्षे, 2007 पर्यंत, भारतीय हवाई दलात राहिले. ब्रिटनला विचारायचे प्रश्न दिल्लीतल्या खरेदीच्या फाइलींनाही तितकेच लागू आहेत: त्या खरेदीत पल्ला, बाँबचे वजन आणि किंमत यांच्या जोडीला, नाकातला माणूस किती सेकंदांत बाहेर पडू शकेल, हे कोणी विचारले होते का, आणि विचारले असेल तर कोणत्या उत्तरावर समाधान मानले?